आर्ट्सच्या मुलीसाठी कॉलेजांची यादी : आधी हातचं, मग लांबचं

गोव्यात बारावीचा निकाल लवकर लागतो. 2025 साली तो मार्च संपायच्या आतच लागला. मे-जूनमध्ये कॉलेजांचे प्रवेश उरकतात आणि पावसाबरोबर तासही सुरू होतात. सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल मात्र त्या वर्षी 4 जुलैला आला आणि दिल्ली विद्यापीठाचे पहिल्या वर्षाचे वर्ग 1 ऑगस्टला सुरू झाले. त्यामुळे मूल बाहेर जाणार असलं तरी गोव्यातल्या एका कॉलेजात आधी नाव घालावंच लागतं. बरेच पालक हे नाव डोळे मिटून घालतात, 'तात्पुरतं आहे' म्हणून. आम्ही यादीची सुरुवातच तिथून केली, आणि माझ्या मते बाकी सगळं त्यामुळेच सोपं गेलं.

मी उत्तर गोव्यात साखळी गावाकडच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. लोकांच्या कर्जाच्या फायली चाळण्यात दिवस जातो, तेव्हा कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं की माझी नजर आधी शेवटच्या पानावर, फीच्या आकड्यांवर जाते. मुलगी बारावी आर्ट्सची. इतिहास जिवाभावाचा, त्याच्या खालोखाल मराठी. नातेवाइकांची ठरलेली टकळी वर्षभर चालू होती. त्यातल्या त्यात शहाणी सूचना माझ्या मेव्हण्याची : लॉ करू दे. मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे, दोन्हीकडे बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, घरून जाऊन-येऊन होतो. मुलगी म्हणाली, ''मामा, मला मेलेल्या माणसांची भांडणं वाचायला आवडतात, जिवंत माणसांची नाही.'' तो विषय तिथेच मिटला.

हातचं कॉलेज म्हणजे जिथे प्रवेश नक्की मिळणार आणि खर्च झेपणार. त्याला मी तिसरी अट जोडली : बाकी सगळीकडून नकार आला तरी तिथे जाताना मुलीचं तोंड पडता कामा नये. पर्याय बरेच होते. साखळीचं सरकारी कॉलेज घराजवळ, खांडोळ्याचंही फार लांब नाही, म्हापशाला सेंट झेवियर्स, मिरामारला धेंपे, मडगावला स्वायत्त असलेलं चौगुले. फीमध्ये जीव जाईल असं यातलं एकही नाही. फरक पडतो तो विषयात. 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आल्यावर प्रश्नही बदलले. 'बीए आहे का' एवढं विचारून भागत नाही. आपला विषय मेजर, म्हणजे मुख्य म्हणून मिळतो का, त्याच्याबरोबर मायनर, म्हणजे जोडविषय कोणते घेता येतात, आणि चौथं वर्ष त्याच कॉलेजात करता येईल का, हे तिन्ही विचारावं लागतं. कार्यालयाच्या खिडकीवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी विभागात जावं लागतं.

आम्ही गेलो. पणजीतल्या एका कॉलेजात इतिहासाच्या बाई पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला माहितीपत्रक दिलं नाही. कपाटातून मुलांच्या जुन्या प्रकल्पांच्या फायली काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ''बघत बसा, मी एवढे संपवते.'' एका फायलीत कुणीतरी आपल्या गावच्या गावकारीवर, म्हणजे गावच्या जमिनीच्या जुन्या सामाईक कारभारावर लिहिलं होतं. मोडीतल्या एका कागदाची झेरॉक्स, तिच्याखाली पेन्सिलीने ओळ न् ओळ देवनागरीत उतरवलेली, आणि न लागलेल्या शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हं. मुलीने ती फाईल मिटेपर्यंत बाईंचा गठ्ठा संपला होता. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं की मोडी कुठे शिकवतात. हातचं कॉलेज ठरलं.

शिवाय पणजीत शिकण्याचा एक फायदा आपण गोवेकर सहसा मोजत नाही. जुने सरकारी कागद जपणाऱ्या गोव्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा 1595 पर्यंत मागे जाते. पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात 1832 ची. पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये इतिहासाचं संशोधन चालतं, आणि ताळगावच्या पठारावर विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येतं. पोर्तुगीज आणि मोडी, दोन्ही वाचता येणारी मुलं आज किती असतील? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे राहणं म्हणजे नाइलाज, असं कुणी म्हणालं तर मी आता वाद घालतो.

मग बाहेरची कॉलेजं. इथे मी घरात थोडी हुकूमशाही केली. नाव कितीही मोठं असो, खर्चाचा हिशेब पुरा झाल्याशिवाय ते यादीत येणार नाही. नुसती फी बघायची नाही. फी, राहणं, जेवण, वर्षातून दोनदा घरी येणं, आणि हे सगळं अभ्यासक्रमाच्या वर्षांनी गुणायचं. सरकारी विद्यापीठांच्या फीचे आकडे बघून माणूस खूश होतो. जेएनयूत तर शिकवणीची वर्षाची फी काही शे रुपये आहे. पण दिल्ली विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत बाहेरगावच्या मुलांना पुरतील एवढी वसतिगृहं नाहीत. नॉर्थ कॅम्पसजवळच्या एका पीजीने (पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या घराने) आम्हाला जेवणासकट महिन्याला 15,000 सांगितले. अकरा महिने धरले तर 1,65,000. फी 20,000 धरली, गाडीभाडं आणि वरखर्च 25,000, म्हणजे वर्षाला 2,10,000. तीन वर्षांचे 6,30,000 आणि चौथं वर्ष केलं तर 8,40,000. फी यात दहावा हिस्साही नाही. बायको म्हणाली, ''पोर कॉलेजात चाललीय, तुमच्याकडे कर्ज मागायला आलेली नाही.'' पण कागद तिनेही जपून ठेवला.

याच हिशेबाने हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ वर चढलं. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचं एकात्मिक एमए आहे, प्रवेश सीयूईटीवर, वसतिगृहं आवारातच. पाच वर्षं धरूनही आकडा दिल्लीच्या चार वर्षांपेक्षा खाली आला. पुण्याचं फर्ग्युसन अंतर आणि भाषा दोन्हीच्या दृष्टीने सोयीचं, ते ठेवलं. खासगीत अशोका विद्यापीठाचा खर्च राहण्याजेवणासकट वर्षाला दहा लाखांच्या वर जातो. गरजेनुसार मदत मिळते हे खरं, पण ती किती मिळेल हे कळेपर्यंत मुलीचा जीव तिथे गुंतला असता, म्हणून ते सोडलं. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातही कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फी आणि राहण्याचा खर्च माफ होतो, गरज असेल तर पूर्ण. त्यांची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत वेगळी असते. ते यादीत राहिलं आणि मुलाखतीनंतर गेलं. मुलगी दोन दिवस गप्प होती, मग अभ्यासाला लागली.

सीयूईटीबद्दल एक गोष्ट कळायला मला वेळ लागला नाही, कारण आकडे माझा धंदा आहे. पण अनेकांचा इथे घोळ होतो. दिल्ली विद्यापीठ प्रत्येक फेरीचे किमान गुण जाहीर करतं, त्यामुळे मागच्या वर्षीच्या यादीवरून अंदाज बांधता येतो. मात्र 2024 मध्ये प्रत्येक पेपर 200 गुणांचा होता, पन्नासातले चाळीस प्रश्न सोडवायचे. 2025 पासून पन्नासही प्रश्न सक्तीचे, पेपर 250 चा. चार विषयांची बेरीज 800 ची 1000 झाली. जुने आकडे तसेच धरले तर सगळी कॉलेजं उगाच सोपी वाटतात. टक्के काढून बघायचे, आणि तेही अंदाज म्हणूनच.

विषय निवडताना मराठी घेतली. परीक्षेच्या तेरा भाषांत ती आहे आणि दिल्ली विद्यापीठ ती गुणांत धरतं. कोकणी 2025 पासून यादीतून गेली, म्हणून मुलीच्या मैत्रिणीचं सगळं गणित बिघडलं. गोव्यातल्या मुलांसाठी हे वाईटच झालं. बाकी अभ्यास एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवरून, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो हे लक्षात ठेवून.

दिल्लीचे पसंतीक्रम भरताना मुलं शंभर-शंभर नावं टाकतात. नियम असा आहे की दिलेली जागा स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. स्वीकारली तर वरच्या पसंतीकडे सरकायची संधी राहते. मग जिथे जायचंच नाही ते नाव टाकायचं कशाला? वसतिगृहाचं काहीच नक्की नाही आणि इतिहासही नाही, अशी सगळी नावं आम्ही गाळली. यादी आखूड झाली, पण त्यातलं कुठलंही नाव आलं तरी सामान बांधायची तयारी होती.

पैशांच्या योजना थोडक्यात सांगतो. केंद्राच्या शिष्यवृत्तीत पदवीला वर्षाला 12,000 मिळतात. त्यासाठी बोर्डाच्या गुणवत्तेत वरच्या वीस टक्क्यांत असावं लागतं आणि उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. आम्ही त्या मर्यादेच्या जरा वर. पीएम विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत. पण गोवेकराने आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना बघावी. बिनव्याजी हा शब्द माझ्या टेबलावर कधी ऐकू येत नाही, म्हणून मी जाहिरात दोनदा वाचली. रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात निकालाची वाट न बघता जावं, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाहेरच्या विद्यापीठात जाताना लागणारं बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही तेव्हाच मागून ठेवावं.

दिल्लीने पहिल्या फेरीत काही दिलं नाही. हैदराबादच्या पुढच्या यादीत नाव आलं. तोवर मुलगी पणजीत तासांना बसत होती, मैत्रिणी झाल्या होत्या, मोडीचा वर्ग शोधून झाला होता. जायचं की नाही यावर घरात खरी चर्चा झाली, कारण दोन्ही बाजूंना वजन होतं. गेली ती हैदराबादला, आणि मोडीचं पुस्तक घेऊन गेली.

प्रवेश रद्द करताना फीचं विचारायला लाजू नये. ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केल्यास पूर्ण फी परत करावी असं यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं धोरण आहे. 2024-25 साठी ती तारीख 30 सप्टेंबर होती. आम्ही अर्जासोबत मूळ पावती आणि बँकेचा रद्द केलेला चेक जोडला. फी खात्यात जमा झाली. ओळखपत्राचे पैसे आले नाहीत, आणि ते मी मागितलेही नाहीत. तेवढे दिवस तिने ते वापरलं होतं.