व्हरमाँटच्या बर्फात सांगलीचा पॉट

इथे फेब्रुवारीत बाहेर उणे पंधरा असतं आणि लोक निवांत आईस्क्रीम चाटत उभे असतात. पहिल्या वर्षी मला हा वेडेपणा वाटला. आमच्याकडे मृगाचा पाऊस पडला की आईस्क्रीमचं नाव काढायचं नाही, घसा धरतो, हा आईचा कायदा. इथे तसला कायदा कुणालाच माहीत नाही. आता माझी इथली सहावी थंडी संपत आली आहे आणि घराच्या फ्रीजरमध्ये या घडीला आईस्क्रीमचे चार डबे आहेत, चारही मी केलेले. भाजीला जागा नाही म्हणून नवरा कुरकुरतो, पण रात्री जेवण झाल्यावर चमचा घेऊन पहिला तोच उठतो.

आम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहतो. माणसं थोडी, गाई भरपूर, दूध-साय उत्तम. १९७८ साली बर्लिंग्टनमधल्या एका जुन्या पेट्रोलपंपात बेन आणि जेरी या दोन मित्रांनी आईस्क्रीमचं दुकान काढलं, ते याच राज्यात. यातल्या बेनला वास फारसा येत नाही, त्यामुळे चवही बेताचीच कळते. म्हणून त्याला दाताखाली काहीतरी मोठं यायला हवं असायचं, आणि त्यांच्या आईस्क्रीममध्ये चॉकलेटचे, बिस्किटांचे एवढाले तुकडे आले ते तिथून. वॉटरबरीला त्यांचा कारखाना आहे आणि त्याच्या मागे टेकाडावर बंद केलेल्या फ्लेवरांचं चक्क कब्रस्तान. प्रत्येकाच्या नावाचा दगड, त्यावर चार ओळींची कविता. सांगलीहून आलेली माझी मावशी ते बघून म्हणाली, "खाण्याच्या वस्तूचं असं अभद्र करतात का गं?" आणि मग प्रत्येक दगडासमोर उभी राहून फोटो काढून घेतला.

पण विकतचं कितीही चांगलं असलं तरी मला हवं होतं ते पॉटचं. मे महिन्यात आजोळी सगळी भावंडं जमली की मामा तासाच्या भाड्याने पॉट आणायचा. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, वर दात्यांचं चाक आणि हँडल. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडायची, डब्याभोवती बर्फ आणि खडे मीठ थराथराने भरायचं आणि पाळीपाळीने फिरवत बसायचं. मीठ बर्फ वितळवतं, वितळायला लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढली जाते, आणि मिठाचं ते पाणी शून्याच्या खूप खाली, अगदी उणे एकवीसपर्यंतही जाऊ शकतं, हे मला नंतर शाळेत कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की हँडल जड झालं की आईस्क्रीम झालं. एकदा झाकण नीट न बसल्यामुळे खारट पाणी आत गेलं आणि पंधरा माणसांनी खारट आंबा आईस्क्रीम मुकाट्याने खाल्लं. भाडं वाया घालवायचं नाही ना.

इथे मी यंत्र आणलं. साधंच, दुहेरी भिंतीचं भांडं असतं, ते चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग विजेवर फिरवायचं. आता श्रीमंत, दाट आईस्क्रीम करायचं म्हटल्यावर मराठी बाईच्या डोक्यात पहिलं काय येईल? दूध आटवणे. मी दोन लिटर दूध गॅसवर ठेवलं आणि दोन तास ढवळून त्याची सुरेख बासुंदी केली. केशर, वेलची, चारोळ्या. थंड करून यंत्रात फिरवली. पहिल्या रात्री सगळे खूश. चौथ्या दिवशी डबा उघडला तर जिभेवर वाळू. साखर विरघळली नव्हती म्हणावं तर बासुंदीत साखर न विरघळायला ती काय पिठीसाखरेची बर्फी आहे?

उत्तर शोधताना कळलं की ती वाळू दुधाचीच होती. दुधात स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. ती पाण्यात फारशी विरघळत नाही. दूध आटवलं की तिचं प्रमाण वाढतं, आणि फ्रीजरमध्ये दिवस गेले की तिचे बारीक खडे धरतात. कुल्फीत थोडा रवाळपणा आपण खपवून घेतो, मला तर तोच आवडतो. पण घुसळलेल्या आईस्क्रीममध्ये तो दाताखाली येतो आणि काही सुचू देत नाही. म्हणजे माझ्या आजीपासून चालत आलेली दाटपणाची व्याख्या, पाणी उडवा आणि दूध घट्ट करा, इथे अर्धीच कामाची. पाणी कमी हवं हे खरं, कारण मोकळं पाणी म्हणजेच बर्फाचे खडे. पण त्या पाण्याची जागा सायीने घ्यायला हवी, दुधाच्या साखरेने नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. इथे 'हेवी क्रीम' म्हणून मिळतं त्यात किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो. दूध घालूच नये, नुसतं क्रीम आणि साखर. यंत्र सुरू करून फोनवर आईशी बोलत बसले, चाळीस मिनिटं गेली. यंत्राचा आवाज बदलला म्हणून झाकण काढलं तर आत पिवळसर गोळे आणि खाली पातळ ताक. सहा डॉलरच्या क्रीमचं मी लोणी काढलं होतं.

"मग कढव की, तूप होईल," आई म्हणाली.

"अगं, साखर आहे त्यात."

"मग पोळीला लाव."

तेच केलं. आठवडाभर पोळीला गोड लोणी.

या फजितीनंतर मी निमूटपणे इथल्या वाटेने गेले. ती वाट जुनी आहे. थॉमस जेफरसनच्या, म्हणजे इथल्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या, हस्ताक्षरातली व्हॅनिला आईस्क्रीमची कृती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहे. दोन बाटल्या चांगलं क्रीम, सहा अंड्यांचं पिवळं, अर्धा पौंड साखर. माझं प्रमाण त्याच्याच जातकुळीतलं: ४८० मिली हेवी क्रीम, २४० मिली दूध, १५० ग्रॅम साखर, पाच अंड्यांचं पिवळं आणि मिठाची मोठी चिमूट. हिशेब केला तर सायीचा अंश अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. इथल्या कायद्याने आईस्क्रीम म्हणवून घ्यायला दहा टक्के पुरतात, आपल्याकडेही तेवढेच लागतात. वनस्पती तेलाचं असेल तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. पुढच्या वेळी डबा उचलताना वाचून बघा.

दूध, क्रीम आणि साखर वाफ येईपर्यंत तापवायचं. ते थोडं थोडं करून फेटलेल्या पिवळ्यावर ओतायचं, मग सगळं परत मंद आचेवर. चमच्याच्या पाठीवर थर बसायला लागला, बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की उतरवायचं. थर्मामीटर असेल तर ८२ अंश. ८५ च्या वर गेलं की अंडं फुटतं आणि तुम्ही गोड भुर्जी केलेली असते. मी केली आहे, दोनदा. गाळून घ्यायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र टाळू नका. सायीचे थेंब थंड होऊन घट्ट होतात तेव्हाच ते पुढे हवा धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी यंत्रात वीस-पंचवीस मिनिटं, मऊ श्रीखंडाइतकं झालं की बंद, आणि डब्यात भरून पाच-सहा तास फ्रीजरमध्ये.

हवेवरून आठवलं. स्वस्त आईस्क्रीमचा डबा हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलका लागतो. इथे एका गॅलनचं वजन किमान साडेचार पौंड हवं, म्हणजे लिटरला साधारण ५४० ग्रॅम. गोठवायच्या आधी तेच मिश्रण लिटरला किलोच्या थोडं वरच भरतं. म्हणजे निम्मा डबा हवेचा भरला तरी कायद्यात बसतं! घरच्या यंत्रात एवढी हवा शिरत नाही, म्हणून घरचं आईस्क्रीम चमच्याला जड लागतं. श्रीमंत चवीचं निम्मं गुपित हे आहे.

आई अंडं खात नाही. तिला फोनवर पिवळ्याचं सांगितलं तर तिने कान झाकल्यासारखं केलं. मग मी विचारलं, "तू ते जीएमएस का घालायचीस?" नव्वदच्या दशकात आमच्या घरी आईस्क्रीम म्हणजे दूध, दूधपावडर, कॉर्नफ्लॉवर आणि किराणा दुकानातून आणलेल्या जीएमएस-सीएमसी या पावडरींच्या पुड्या. अर्धवट गोठलं की बाहेर काढून फेटायचं, परत आत. "त्याने मऊ होतं," ती म्हणाली. बरोबर. साय आणि पाणी एकमेकांत गुण्यागोविंदाने राहावं म्हणून जीएमएस. अंड्यातलं पिवळं करतं तेच. म्हणजे आई तीस वर्षांपूर्वी हेच करत होती, फक्त पुडीतून. तिच्यासाठी मी आता पिवळ्याऐवजी दोन चमचे कॉर्नफ्लॉवर दुधात शिजवते. रेशमीपणा थोडा कमी, पण सायीची चव उलट जास्त मोकळी लागते. आंब्याला मी आता अंडं घालतच नाही.

फ्लेवरांचं वेड मग लागलंच. बटर पेकान: पेकान हा अक्रोडाचा गोडसर चुलतभाऊ, तो लोण्यात खरपूस परतून भरपूर मीठ लावायचं. मिठात हात आखडू नका. साखर काकवीच्या रंगाची, ब्राऊन. मी एकदा गूळ घालून बघितला. उकळत्या दुधात गूळ घातल्यावर काय होतं हे प्रत्येक मराठी घरात माहीत असतं, मला त्या दिवशी आठवलं नाही. रम-मनुका: मनुका रात्रभर रममध्ये भिजवायच्या, पण वरची रम ओतायची नाही. दारू गोठत नाही आणि शेजारच्यालाही गोठू देत नाही. लिटरला दोन-तीन चमचे, बस. मी अर्धी वाटी ओतली होती, ते आम्ही पेल्यातून प्यायलो.

आणि मग मार्च आला. इथे मार्चमध्ये रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि त्या चढउतारात मॅपलच्या झाडांत रस चढतो. आमच्या रस्त्यावरच्या आजोबांचं साखरघर आहे. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांनी बोलावलं म्हणून गेले आणि दारातच थबकले. आत धुकं, लाकडांचा जाळ, लांबट कढई आणि तो वास! मी सांगलीची, गुऱ्हाळावर लहानाची मोठी झालेली. चुलवणात चिपाडाऐवजी ओंडके, गोल काहिलीऐवजी चौकोनी कढई, एवढाच फरक. आमचा गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघायचा. आजोबा डाव कढईत बुडवून उभा धरतात. पाक थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखा लोंबला की झाला. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप. गरम पाक त्यांनी बाहेरच्या ताज्या बर्फावर ओतला, त्याची चिवट चिक्की झाली, आणि तिच्याबरोबर हातात काय दिलं तर खारवलेली काकडी. गोडाने तोंड मिटलं की काकडीचा तुकडा, मग परत गोड. लोणच्याशिवाय न जेवणाऱ्या घरातली मी, मला समजावून सांगावं लागलं नाही.

आजोबांनी गडद सिरपचा कॅन दिला. आईस्क्रीमला गडदच घ्यावं, हंगामाच्या शेवटचं. सुरुवातीचं सोनेरी सिरप सायीत हरवून जातं. पण सिरपमध्ये तिसरा हिस्सा पाणी असतं, आणि पाणी म्हणजे पुन्हा बर्फाचे खडे. मी कॅनकडे बघितलं आणि हसायला आलं. आटवायचं होतंच, फक्त दूध नव्हे. १८० मिली सिरप मंद आचेवर आटवून १२० मिलीपर्यंत आणलं, साखर पूर्ण वगळली, बाकी प्रमाण तेच, वर लोण्यात परतलेले अक्रोड.

मिश्रण घेऊन आजोबांना दाखवायला गेले तर ते आत जाऊन माळ्यावरून काहीतरी घेऊन आले. लाकडी बादली, पत्र्याचा डबा, वर दात्यांचं चाक. मामाचा पॉट! फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी हँडलच्या या यंत्राचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं होतं, हे मी घरी येऊन वाचलं. मी ज्याला अस्सल सांगलीचं समजत होते त्याची पणजी इथली निघाली.

बर्फ फोडायचा प्रश्न नव्हता, अंगणात फावड्याने भरायचा होता. खडे मीठ त्यांच्याकडे होतं. मी झाकण दोनदा तपासलं, ते का, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांचा नातू, माझा नवरा, आजोबा आणि मी पाळीपाळीने फिरवत होतो, हातमोजे घालून. विसाव्या मिनिटाला हँडल जड झालं.

आईस्क्रीम घुसळणारा आतला पंखा चाटायला कुणाला मिळतो, मी विचारलं. आजोळी तो सगळ्यात धाकट्याचा असायचा, म्हणजे कधीच माझा नाही. आजोबा म्हणाले, आमच्याकडे शेवटचा फेरा ज्याचा, पंखा त्याचा.

नातवाने दोनदा हात पुढे केला. मी हँडल सोडलं नाही.