सीटखालचं पाणी

"दादा, गाडीत दूध सांडलंय, वास काही जात नाही." फोनवर एवढंच सांगितलं होतं. लोकांच्या दारी जाऊन गाड्या आतून साफ करून देणं हा माझा रोजचा धंदा. दुधाचा वास म्हटलं की अर्धा दिवस जाणार, हे गृहीत धरूनच निघालो.

पोचलो तेव्हा गाडीचे मालक पुढच्या सीटवर ओणवे होऊन ब्रश घासत होते. धूळ येऊ नये म्हणून काचा वर. डोळे लाल झालेले, खोकला थांबत नव्हता. मी दार उघडलं आणि नाकात भसकन शिरला तो वास दुधाचा नव्हताच. पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा, पण घसा खरवडणारा.

"काय टाकलंत?"

"काल ब्लीच टाकलं होतं. वास राहिला म्हणून आता व्हिनेगर."

दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. चारही दारं, डिकी उघडली आणि दोघंही लांब जाऊन उभे राहिलो. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि हे तर तिथेच तोंड खाली घालून बसलेले. काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असेल आणि तो ब्लीचवर पडला, तरी विषारी वायूच तयार होतो. बंद गाडीत त्याला जायला वाटच नसते. "मला काही झालेलं नाही," असं ते म्हणत राहिले, पण मी आधी डॉक्टरांकडे जायला लावलं. साफसफाई दुपारी करू म्हटलं.

दुपारपर्यंत गाडीतला वास बराच उतरला होता. मी सीटवर तळहात ठेवून दाबला. वरून कापड जेमतेम ओलसर, पण बोटांमधून पांढरट फेसाचं पाणी वर आलं. एक लिटर दूध सांडलं होतं आणि त्यावर यांनी दोन बादल्या पाणी ओतलं होतं. सीटचा फोम ते सगळं पिऊन बसला होता. फोम असा एक-दोन दिवस ओला राहिला की आत बुरशी धरायला लागते. मग वास दुधाचा की बुरशीचा, हेही कळेनासं होतं.

तेवढ्यात त्यांच्या घरच्या ताई म्हणाल्या, "सकाळपासून डॅशबोर्डवर एक दिवा पेटतोय. बसलेला माणूस आणि पुढे गोळा, असं चित्र आहे."

माझा हात तिथेच थांबला. तो एअरबॅगचा दिवा. तो पेटता राहिला की अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री उरत नाही. टॉर्च घेऊन सीटखाली पाहिलं. पिवळ्या कनेक्टरवर पाण्याचे थेंब होते. एअरबॅगच्या वायरिंगला बहुतेक गाड्यांत पिवळा रंग असतो, तो उगीच नसतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या फोमखाली माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो. म्हणून मी सीटवर कधीच पाणी ओतत नाही. साबणाचा फेस ब्रशवर घ्यायचा, वीतभर जागा घासायची, लगेच पुसून घ्यायची, मग पुढची वीत. जेवढं पाणी परत काढता येईल तेवढंच आत घालायचं.

गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावला नाही, ते माझं काम नव्हे. गाडी चालवू नका, मेकॅनिकला इथेच बोलवा, असं सांगितलं. मग साधं गार पाणी थोडं थोडं मारत आणि पाणी ओढणाऱ्या मशीनने खेचत राहिलो. मशीनच्या पारदर्शक नळीतून आधी ताकासारखं, मग गढूळ, अन् तासाभराने कुठे स्वच्छ पाणी यायला लागलं. खालच्या कार्पेटची कड उचलली, तर त्याखालचं नमद्यासारखं अस्तरही निथळत होतं. टॉवेल दाबून दाबून तेही टिपलं आणि पंखा लावून ठेवला. दुधावर गरम पाणी घालणं टाळावं, त्यातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला चिकटतात. त्यावर एन्झाइमचं, म्हणजे दुधाचे अंश तोडून टाकणारं, क्लीनर चांगलं चालतं. पण ब्लीचचा अंश राहिला असेल तर ते निकामी होतं, म्हणून ते दुसऱ्या दिवसावर ठेवलं.

निघताना मागे बाळाची सीट दिसली. पट्ट्यांचा काळा रंग जागोजागी तांबूस झाला होता.

"हीसुद्धा ब्लीचमध्ये घातली होती?"

"रात्रभर. दुधाचाच वास येत होता ना."

ब्लीचने पट्ट्याचे धागे कमजोर होऊ शकतात. हाताने ओढून ते कळत नाही, कळतं ते जोराचा ब्रेक लागल्यावर. हे पट्टे सौम्य साबणाच्या ओल्या कापडाने नुसते पुसायचे असतात. ही सीट आता वापरू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. हे सांगताना मला वाईट वाटलं, कारण ती बाळासाठीच एवढी घासून धुतली होती.

एन्झाइमचा हात मारून झाल्यावर तिसऱ्या दिवशी परत गेलो. कोरडा टिश्यू सीटवर दाबून धरला, तो कोरडाच राहिला. काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवली आणि मग आत डोकं घातलं, वास नव्हता. मेकॅनिकने कनेक्टर बदलून दिल्यावर दिवाही विझला होता. मागची जागा रिकामी होती. नवी सीट येईपर्यंत बाळाला गाडीत न्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. जुनी सीट कचऱ्यात टाकण्याआधी ताईंनी तिचे पट्टे कात्रीने कापले होते, दुसऱ्या कुणी उचलून त्यात आपलं बाळ बसवू नये म्हणून.