आगोटीचं दुकान

परवा तारकर्लीचा एक होमस्टेवाला पोरगा घरी आला. ओळखीतलाच. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "काका, तुमच्या आजोबांच्या दुकानातलो जुनो माल काय शिल्लक आसा? माका ब्रिटिशांच्या टायमाचा जनरल स्टोअर अशी थीम करूची आसा." मग मोबाइलवर चित्र दाखवलं. लाकडी काउंटर, पितळी तराजू, बरण्यांत रंगीत गोळ्या आणि मागे हॅट घातलेला कुणी साहेब.

आमच्या दुकानात साहेब आल्याचं कुणी कधी सांगितलं नाही. यायचे ते गाबीत, भंडारी, घाडी, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी, शाळामास्तर, आणि मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी. मालवणच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर दुकान होतं. गोळ्यांपेक्षा घासलेट, राळ, सुंभ आणि समोरच्या सुक्या बांगड्याचा वास जास्त. मी पाहिलं ते त्याचे शेवटचे दिवस, साधारण १९६८-७० च्या सुमाराचे. आधीचं जे कळतं ते बाबांच्या तोंडून आणि आजोबांच्या रोजमेळातून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतून. हा रोजमेळ मोडीत आहे. निवृत्तीनंतर मोडी शिकलो ती त्याच्यासाठीच.

त्यातलं एक पान वाचताना दम लागतो. सुया, दाभण, गोधडीचा दोरा, गळ, शिसं, जाळ्याचं सूत, डांबर, राळ, तुरटी, मोरचूद, गंधक, शिरस, निळीच्या पुड्या, सनलाइट साबण, कंदिलाच्या वाती, चिमण्या, काड्यापेट्यांची पुडकी, बिजागऱ्या, कडीकोयंडे, चुका (बारीक खिळे), छत्रीच्या काड्या, पाटीवरची पेन्सिल, दौत, कापूर, ग्राइप वॉटर, अमृतांजन, स्टोव्हच्या पिना. आणि मध्येच, कुणासाठी कोण जाणे, "टोपी सोला, नग १". म्हणजे साहेबाची टोपी तरी आली होती.

पोराला वाटलं, एवढा माल म्हणजे आजोबा शौकीन. शौक कसला, पाऊस होता.

त्या काळी मालवणला माल यायचा तो समुद्रातून. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत यायची आणि खडकांमुळे बाहेर खोल पाण्यातच उभी राहायची. तिथून पेट्या पडावात उतरायच्या नि पडावातून किनाऱ्यावर. लाट मोठी असली की एखादी पेटी समुद्राला. मंगलोरी कौलं फत्तेमारीतून दक्षिणेकडून यायची. गूळ, मिरची, घोंगडी घाटावरची, बैलगाडीने फोंडाघाट उतरून. मे अखेरीला शेवटची बोट गेली की श्रावण उलटेपर्यंत बंदर बंद. गाड्यांची वाटही चिखलाची. मग त्या तीन महिन्यांत गावात कुणाची चिमणी फुटली, कुणाचा स्टोव्ह तुंबला, कुणाच्या जाळ्याचं सूत संपलं, तर ते आमच्याकडे असायला हवं. नाही तर नाही. आगोट भरायची म्हणजे घरात तांदूळ, मीठ, सुकं मासं, सोलं आणि जळावू लाकूड साठवायचं, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक. आजोबा अख्ख्या बाजाराची आगोट भरायचे.

ती सांभाळणं ही वेगळीच विद्या. खाऱ्या वाऱ्यात चुका आठ दिवसांत तांबड्या होतात, म्हणून त्यांना करंजेल चोपडून डब्यात. काड्यापेटी सादळते, म्हणून पुडकी आजीच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर. दुकानात गिऱ्हाईक आलं की आजोबा आत हाक मारायचे, "गो, दोन पेटये धाड!" आणि आजी पिठाच्या हाताने दोन पेट्या पुढे करायची. चुलीवरचा धूर लागलेल्या आमच्या पेट्यांना म्हणे गावात मान होता. एका काडीत पेटतात. नवीन चिमणी विकण्याआधी आजी मिठाच्या पाण्यात उकळून घ्यायची, मग ती तडकत नाही. तिचा हिशेब रोजमेळात एका ओळीनेही नाही.

कंदील पुसायचं काम माझं, कारण माझा हात चिमणीत जायचा. राख आणि जुना कागद. तोपर्यंत गावात वीज आली होती, पण पावसात ती पाहुणीसारखी. आधी अमेरिकेचा डीट्झ कंदील चालायचा, मग कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर आला. ओगल्यांचा काचकारखाना १९१६ चा. बाबा सांगत, स्वदेशीचं वारं असताना मास्तर लोक "प्रभाकरच द्या" म्हणून अडून बसायचे आणि आजोबा दोन्ही पुढे ठेवून गप्प राहायचे. वाती दोन्हींना त्याच बसायच्या. हा आजोबांचा राजकारणातला सहभाग.

गॅसबत्ती मात्र विकायची नाही, भाड्याने द्यायची. जत्रेत दशावतार असला की चार बत्त्या जायच्या. त्यांचं मेंटल म्हणजे एकदा जळलं की नुसती राख, जाळीच्या आकाराची, फुंकरीने मोडणारी. बत्तीबरोबर घरातला एक माणूस जायचा, रात्रभर पंप मारायला. बाबांनी तरुणपणी सगळं दशावतार असं पाहिलं. संकासुर बोलायला लागला की हात पंपावर, डोळे रंगमंचावर.

सगळ्यात जास्त खपायचं घासलेट. त्याआधी दिव्याला उंडीचं, करंजाचं तेल असायचं. घासलेट आलं तसे ते घाणे मागे पडले. लाकडी खोक्यात चार-चार गॅलनचे दोन पत्र्याचे डबे. आम्ही घासलेट मापाने विकायचो, बाटलीच्या हिशेबाने, नरसाळ्यातून. पण गिऱ्हाईक भांडायचं ते रिकाम्या डब्यावरून. कोण तांदूळ ठेवणार, कोण विहिरीवर पाणी भरणार, कोण वर लाकडी दांडा मारून कावड करणार. कोण कापून, ठोकून सपाट करून छपराला लावणार. खोक्याच्या फळ्यांतून पाट निघायचे, देव्हारे निघायचे. आमच्या एका नातेवाइकांकडे गणपतीचा पाट घासलेटच्या खोक्याचा होता. खालून इंग्रजी अक्षरं. बाप्पाने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

निळीचंही तसंच. धोतरासाठी आलेली, पण निम्मी जायची चुन्यात, गणपतीआधी भिंती रंगवायला.

माती, बांबू, माड यांतून निघणारं मात्र दुकानात फारसं काही नव्हतं. मडकी कुंभाराकडे, सुपं-रोवळ्या बुरुडाकडे, सुंभ घराघरांत वळलेला, तो तेवढा आम्ही विकत घेऊन होड्यांना विकायचो. इरली शेतकरी स्वतः करायचे. छत्री घ्यायचा तो चाकरमानी, नाही तर मास्तर.

एक गोष्ट सांगायला बाबा कचरायचे, तरी एकदा त्यांनी सांगितली. ओट्याची पायरी सगळ्यांसाठी नव्हती. काही गिऱ्हाइकं खाली अंगणात उभी राहायची. त्यांची वस्तू वरून टाकली जायची आणि त्यांच्या पैशांवर पाणी शिंपडून मग ते गल्ल्यात. तोच साबण, तीच काड्यापेटी, भावही तोच. होमस्टेवाल्याच्या चित्रात हे अंगण नाही. मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ कपाकडे बघत राहिला.

१९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आजोबा खरे म्हातारे झाले, असं बाबांचं मत. एक आण्याचे सहा नवे पैसे, दोनाचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस, चाराचे पंचवीस. "तो एक पैसो खंयसून इलो?" असं ते तीन आण्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, जसं काही तो त्याच्या खिशातूनच आलाय. मग शेर-मापटं गेलं, किलो आलं. नायलॉनची जाळी आली, सूत पडून राहिलं. प्लॅस्टिकचे डबे आले आणि पत्र्याच्या डब्यासाठी भांडणारी माणसं भांडेनाशी झाली. एस.टी. पावसातही चालायला लागली, मग आगोटीला कोण विचारतो? जो माल हवा तो चार दिवसांत येतो म्हटल्यावर सगळा माल ठेवणारं दुकान कशाला?

शिल्लक काय, तर रोजमेळ, मापांचा एक संच (त्यातलं निठवं हरवलंय) आणि तळ गेलेला एक प्रभाकर. कंदील पोराला दाखवला. तो खूश. आत बल्ब बसवतो म्हणाला. देऊन टाकला. नाही तरी माझा हात आता चिमणीत जात नाही.

निघताना तो पडवीत थांबला आणि वर बघत राहिला. कौलांच्या मध्ये, माझ्या जन्माआधी आजोबांनी ठोकून बसवलेला घासलेटच्या डब्याचा पत्रा आहे. गंजलाय, पण त्यावरची अक्षरं उलटी, अर्धी दिसतात.

"काका, ह्यो पत्रो देशात? भिंतीर लावतलंय."

म्हटलं, दिवाळीनंतर ये. आता काढलो तर पडवी गळात.