एकाच गल्लीचे तीन खर्च: मोजमाप पुस्तिकेपर्यंत पोचण्याचा माझा अनुभव

आमच्या गल्लीतला सिमेंट काँक्रीटचा रस्ता मार्चअखेरीस झाला आणि दिवाळीनंतर पाण्याच्या पाइपसाठी तो मधोमध फोडला. पाइप टाकून झाल्यावर चरात मुरूम लोटला, वर डांबराचा पातळ थर दिला. पहिल्याच पावसाळ्यात चर खचला. मग त्याच गल्लीसाठी 'रस्ता दुरुस्ती'चा नवा प्रस्ताव आल्याचं कळलं. नीट केलेला काँक्रीट रस्ता पंचवीस-तीस वर्षं टिकावा या हिशोबाने आखतात. आमच्या रस्त्यावर दोन वर्षांच्या आत तिसऱ्यांदा पैसे पडणार होते. हे कागदावर बसतं तरी कसं, ते मला समजून घ्यायचं होतं.

तोंडी विचारपूस करण्यात बराच काळ गेला. बांधकाम विभाग म्हणाला, खोदकाम पाणीपुरवठ्याचं आहे. पाणीपुरवठा विभाग म्हणाला, योजना वेगळ्या यंत्रणेकडून होते आहे, तिकडे विचारा. 2022 पासून राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते, तसे आमच्याकडेही. त्यामुळे नगरसेवकाला दारात गाठण्याची सोय नव्हती. 'आपले सरकार'वर तक्रार टाकली, तर 'संबंधित विभागास कळविण्यात आले आहे' एवढं लिहून ती बंद केली.

वाट दाखवली ती शेजारच्या अण्णांनी. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. माहिती अधिकाराच्या माझ्या अर्जाचा कच्चा मसुदा त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. "अगं, 'रस्ता का फोडला' असं विचारू नकोस. 'का' ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. जो कागद त्यांच्या कपाटात आहे, त्याचं नाव लिही. आणि एमबी माग. बाकीचे कागद गोड बोलतात, एमबी बोलते ती मापं."

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. काम झालं की कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मापं घेतो आणि ती या पुस्तिकेत लिहितो: नग, लांबी, रुंदी, खोली आणि त्यावरून परिमाण. उपअभियंता तपासून सही करतो आणि त्याच मापांवर ठेकेदाराचं बिल निघतं. पाइपलाइन असो, गटार असो की पेव्हर ब्लॉक, सार्वजनिक पैसा शेवटी या पानांवरूनच बाहेर पडतो. तरी सामान्य माणसाला या पुस्तिकेचं नावही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटलं.

अण्णांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिला. रस्ता आणि जलवाहिनी या दोन्ही कामांचे कार्यारंभ आदेश, मंजूर अंदाजपत्रकं, आमच्या गल्लीपुरती मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली देयकं, करारनाम्यातली दोषदायित्व कालावधीची (ज्या काळात कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो त्याची) अट आणि रस्ता खोदाईची परवानगी, एवढ्याच्या प्रती मागितल्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, सोबत 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असतील, तर अर्ज परत करायचा नसतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे जनमाहिती अधिकाऱ्याने तो पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. 'तिकडे विचारा' या उत्तराने मी आधीच दमले होते, म्हणून हे कलम अर्जातच लिहून टाकलं.

तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं: मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची, म्हणजे ठेकेदाराची असल्याने देता येत नाही. घरातले म्हणाले, आता पुरे. मी 20 रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत एवढंच मांडलं, की मोजमाप पुस्तिका पालिकेच्या अभियंत्याने पालिकेसाठी लिहिलेली असते आणि तिच्यावर पैसा गेला आहे तो करदात्याचा. ती ठेकेदाराची खाजगी वही नाही. अपिलीय अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि प्रती देण्याचा, शिवाय फाइल पाहू देण्याचा आदेश दिला. माहिती मुदतीत मिळाली नव्हती, त्यामुळे कलम 7(6) प्रमाणे प्रती विनामूल्य मिळाल्या. हे न मागता कुणी सांगत नाही, तेव्हा लक्षात ठेवा. इथे अडलं असतं, तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे वर्ष-वर्ष तारीख लागत नाही. म्हणून पहिल्या अपिलाची तयारी मनापासून करावी.

फाइल पाहायला अण्णा सोबत आले. त्यांनी आधी तारखा बघायला लावल्या. जलवाहिनीचा कार्यारंभ आदेश आमच्या रस्त्याच्या आदेशापेक्षा जुना निघाला. म्हणजे इथे पाइप येणार हे कागदावर ठरलेलं असताना वरून काँक्रीट ओतलं गेलं. कारणही फाइलमध्येच होतं. रस्त्याचा निधी वेगळ्या लेखाशीर्षातला, म्हणजे अर्थसंकल्पातल्या वेगळ्या खात्यातला होता आणि तो 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. पाइपचं काम आमच्या भागात पोचायला अजून काही महिने होते. दोन फाइली दोन टेबलांवर, आणि एकीने दुसरीसाठी थांबावं असं सांगणारा कागद कुठेच नाही. भ्रष्टाचार होतोच, तो मी नाकारत नाही. पण आमच्या गल्लीतला पहिला पैसा चोरीला गेला नव्हता, तो या दोन टेबलांच्या मधल्या फटीत गेला होता.

पुढचं पान मात्र वेगळं होतं. जलवाहिनीच्या मूळ अंदाजपत्रकात चर बुजवून डांबरी रस्ता पूर्ववत करणं धरलेलं होतं, कारण तेव्हा रस्ता डांबरीच होता. काँक्रीट झाल्यावर त्यात 'जादा बाब' मंजूर झाली: काँक्रीट फोडणे आणि चरावर पुन्हा काँक्रीट करणे. मोजमाप पुस्तिकेत आमच्या गल्लीची पूर्ण लांबी, रुंदी आणि काँक्रीटची जाडी लिहून ते परिमाण बिलात चढलेलं होतं. जागेवर काँक्रीटचा पत्ताच नव्हता, होतं ते डांबर. मुरूमही थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मस करून दाबायचा असतो. तसं झालं असतं, तर चर पहिल्या पावसात बसला नसता.

आम्ही टेप लावून चर मोजला, फोटो काढले आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानाचा क्रमांक घालून लेखी तक्रार दिली. सोबत कलम 2 मधल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येचा आधार घेतला. कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्या अधिकारात येतं. चराच्या वरच्या थराचा नमुना द्या, असा स्वतंत्र अर्ज दिला. त्यानंतर कार्यालयातली भाषा बदलली. ठेकेदाराची सुरक्षा अनामत अजून परत गेलेली नव्हती आणि दोषदायित्व कालावधीही चालू होता. त्यामुळे त्याच्याच खर्चाने चर उकरून काँक्रीट करण्याचं पत्र निघालं, काम झालं, आणि 'रस्ता दुरुस्ती'चा तो नवा प्रस्ताव मागे घेतला गेला. या वेळी गोणपाट टाकून पाणी मारताना गल्लीतले सगळे लक्ष ठेवून होते.

चुकीची मापं लिहिणाऱ्यावर काय कारवाई झाली, ते मला अजून कळवलेलं नाही. तो पाठपुरावा चालू आहे. आणि अखंड रस्त्याला पडलेला सांधा कायमचाच. त्यातून पाणी झिरपत राहणार. वसुली झाली तरी फोडण्याचा खर्च परत येत नाही, म्हणून खरी जागा आधीची आहे, काँक्रीट ओतण्याच्या आधीची. तेव्हा आडवे रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवले, तर पुढे नळजोडणीसाठीही रस्ता कापावा लागत नाही. रस्त्याच्या एकूण खर्चापुढे तो खर्च किरकोळ असतो. अण्णा हे नोकरीत असतानाही सांगत असत, असं ते म्हणतात.

शासनाच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. त्या वेळेचा उपयोग आता आम्ही काही बायका मिळून करतो. मागच्या गल्लीच्या काँक्रीटीकरणाची निविदा निघाली आहे. त्या गल्लीत जलवाहिनी, भूमिगत गटार, केबल यांपैकी कोणती कामं मंजूर आहेत आणि त्यांचे कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचे आहेत, या कागदांच्या प्रती मागणारा अर्ज आम्ही दिला आहे. त्याची एक प्रत प्रशासकांना, एक बांधकाम विभागाला आणि एक पाणीपुरवठ्याला.