१९५४ ची कोरी ओळ

विज्ञानकथांच्या पुरस्कारांवरच्या एका संदर्भपुस्तकाची प्रुफं माझ्याकडे होती. दुपारी पानं छपाईला द्यायची, आणि ह्यूगो पुरस्कारांचा तक्ता नेमका एका ओळीने पुढच्या पानावर जात होता. पानं लावणारा मुलगा म्हणाला, "ताई, ही १९५४ ची ओळ उडवू का? नाहीतरी तिच्यात काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. वर १९५३, कादंबरीसाठी आल्फ्रेड बेस्टर. खाली १९५५. मधली पट्टी कोरी. वाटलं, माहिती भरायची राहिली असेल. पण सकाळीच 'ड्यून' या कादंबरीपाशी मी अशी अडखळले होते. नेब्युला या विज्ञानकथांच्याच दुसऱ्या पुरस्कारासमोर १९६५, ह्यूगोसमोर १९६६. चूक समजून पेन्सिल टेकवली आणि मग लक्षात आलं, नेब्युलाला पुस्तक निघाल्याचं साल लावतात, ह्यूगोला पुरस्कार दिल्याचं. त्यामुळे आता खोडायला हात धजेना.

"दहा मिनिटं थांब," म्हटलं आणि शोधायला बसले.

१९५३ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ही बक्षिसं दिली, तेव्हा ती दरवर्षी द्यायची असं ठरलेलंच नव्हतं. दर वर्षीचं संमेलन वेगळ्या मंडळींचं, आधीच्यांचं काही त्यांच्यावर बंधनकारक नसे. रॉकेटच्या आकाराची ती पहिली मानचिन्हं जॅक मॅकनाइट या चाहत्याने स्वतः यंत्रावर घडवली, आणि त्या खटाटोपात त्याचं संमेलनच जवळजवळ हुकलं. एवढं करूनही पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत पुरस्कार दिलेच नाहीत. १९५५ ला क्लीव्हलंडच्या लोकांनी ते परत सुरू केले म्हणून आज हा तक्ता आहे.

आणि पुढचं वाचताना तर मी खुर्चीत सरळ झाले. २००४ साली, पन्नास वर्षांनी, बॉस्टनच्या संमेलनात त्या हुकलेल्या वर्षाचे पुरस्कार पूर्वलक्षी म्हणून दिले गेले. कादंबरीचा मान रे ब्रॅडबरींच्या 'फॅरेनहाइट ४५१'ला मिळाला. ब्रॅडबरी तेव्हा हयात होते, याचा मला फार आनंद झाला.

"ओळ राहू दे," मी म्हटलं. तिच्यात 'त्या वर्षी पुरस्कार दिले नाहीत. २००४ मध्ये पूर्वलक्षी: ब्रॅडबरी' असं भरलं. पान तरीही एका ओळीने जास्तच होत होतं. मग तक्त्याच्या वर मी लिहिलेल्या प्रास्ताविकातलं शेवटचं वाक्य काढलं, आणि तक्ता पानात बसला.