आधी भांडण, मग वस्तू

नाव आठवलं नाही की इंग्रजीत ज्याला त्याला 'थिंग' म्हणून मोकळं होता येतं. इतका बिनचेहऱ्याचा शब्द, पण मूळ मात्र भारदस्त. जुन्या इंग्रजीत आणि जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'थिंग' म्हणजे सभा. माणसं जमायची, तंटे मिटवायची, कायदे ठरवायची.

माझा पेशा वकिलीचा, म्हणून पुढचा प्रवास मला ओळखीचा वाटतो. आधी सभा, मग सभेपुढचा खटला, मग कुठलीही बाब, आणि शेवटी समोर पडलेली कुठलीही वस्तू. लॅटिनमधल्या 'कॉझा'चंही तेच झालं. कारण, खटला असे अर्थ असलेल्या त्या शब्दातून फ्रेंच 'शोज' निघाला, ज्याचा अर्थ वस्तू. आणि आपली 'गोष्ट'? संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा, गोष्ठी म्हणजे बैठक आणि तिथल्या गप्पा. गोठा आणि गोष्ट सख्खी भावंडं निघाली!

थिंगचा जुना थाट आइसलँडमध्ये टिकला. तिथली 'अल्थिंग' इ.स. 930 मध्ये थिंगवेलिरच्या मैदानावर सुरू झाली. कायदे लिहून काढण्याआधी एक कायदावक्ता दरवर्षी एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा. तीन वर्षांत सगळा पुरा. हातात कागद नसताना! 1800 मध्ये ही सभा बरखास्त झाली, 1845 मध्ये रेक्याविकला पुन्हा भरली. नॉर्वेची संसद 'स्टोर्टिंग', डेन्मार्कची 'फोल्केटिंग'. डॅनिशमध्ये तर लिंग बदललं की अर्थ बदलतो: 'एन टिंग' वस्तू, 'एट टिंग' सभा.

जर्मन 'डिंग' आता नुसती वस्तू असली, तरी 'बेडिंगुंग' म्हणजे अट आणि 'फरटायडिगेन' म्हणजे बचाव करणं, या दोन्हींत तोच शब्द दडलाय. डच लोक खटल्याला अजून 'खेडिंग' म्हणतात. अशिलाची बाजू मांडणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

सगळ्यात गंमत मंगळवारची. उत्तर इंग्लंडमधल्या हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यात 1883 मध्ये सापडलेल्या शिलालेखात 'मार्स थिंक्सस' असं देवाचं नाव आहे. मार्स म्हणजे रोमन लोकांचा युद्धदेव, त्यांचा मंगळ; आणि हा थिंगचा, म्हणजे सभेचा मार्स. बहुतेक अभ्यासक जर्मन 'डीन्सटाग' आणि डच 'डिन्सडाख' ही मंगळवारची नावं त्याच्याशी जोडतात. आपल्याकडे मंगळ भांडखोर ग्रह. तिकडच्या मंगळाकडे कोर्टसुद्धा होतं.