हेलिशेइदीच्या बोअरवर

आइसलंडची राजधानी रेक्याविक इथल्या पहिल्याच सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला आणि न्हाणीघरात सडक्या अंड्यांचा वास पसरला. पाणी खराब नव्हते. भूगर्भातल्या उष्णतेवर तापलेल्या पाण्याबरोबर येणारा हा हायड्रोजन सल्फाइडचा वास इथल्या माणसांच्या नाकाला आता जाणवतही नाही. नाशिकच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा कातळ असलेल्या या बेटावर कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीत सोडून त्याचा दगड केला जातो, हे वाचल्यापासून ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी असे मनात होते. निवृत्तीनंतर तो योग आला.

पहिला दिवस आइसलंड विद्यापीठात गेला. आस्क्या या ज्वालामुखीचेच नाव दिलेल्या इमारतीत तिथली भूविज्ञान संस्था आहे. पत्रव्यवहारातून ओळख झालेली एक संशोधक विद्यार्थिनी दाराशी थांबली होती. मी सवयीने तिच्या मार्गदर्शकांचा उल्लेख ‘प्रोफेसर’ असा केला, तेव्हा तिला हसू आवरेना. या देशात प्राध्यापकांनाच काय, राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. आडनाव म्हणून जे दिसते ते बहुतेक वेळा वडिलांचे नाव असते. आपण वडिलांचे नाव मधे लावतो, ते शेवटी लावतात, एवढाच फरक. तरीही ‘सर’ म्हटल्यावाचून माझी जीभ दिवसभर वळली नाही.

वायूचा दगड करणाऱ्या कार्बफिक्स या प्रकल्पाचे मूळ या संस्थेच्या नद्यांवरील कामात आहे. इथल्याच सिगुर्दुर गिस्लासोन यांनी आइसलंडच्या नद्यांचे पाणी वर्षानुवर्षे तपासले. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टला, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळाला, हळूहळू झिजवतो, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटते आणि अखेर समुद्रतळाशी चुनखडीच्या रूपात तो वायू बंदिस्त होतो. निसर्गाचा हा उद्योग लाखो वर्षे चालतो. तो किती वेगाने चालतो हे मोजायचे तर नदीकाठी उभे राहून बाटल्या भरण्यावाचून गत्यंतर नसते. फ्रान्समधील तुलूझचे एरिक ओल्कर्स आणि गिस्लासोन यांनी प्रयोगशाळेत बेसॉल्टी काच विरघळवून त्याच वेगाचा हिशेब मांडला होता. या कामाला प्रसिद्धी कशी मिळणार? पण पुढचा सारा डोलारा त्याच आकड्यांवर उभा राहिला.

१९७५ मध्ये एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच जागतिक तापमानवाढीचा उल्लेख करणारे कोलंबिया विद्यापीठाचे वॉलेस ब्रोकर आणि आइसलंडचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओलाफुर रॅग्नार ग्रिमसोन यांनी या विषयात लक्ष घातले आणि २००६ च्या सुमारास गोष्टी हलू लागल्या. आइसलंड विद्यापीठ, कोलंबिया विद्यापीठ, तुलूझची फ्रेंच राष्ट्रीय संशोधन संस्था आणि रेक्याविकची ऊर्जा कंपनी असे चौघे एकत्र आले. मोठ्या नावांची गोष्ट एवढ्यावर आटोपते. खरे काम पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींनी ओढले, हे कपाटातले प्रबंध चाळताना लक्षात आले. वायू, पाणी आणि बेसॉल्ट यांच्या अभिक्रियेची संगणकीय प्रतिमाने ज्यांच्या प्रबंधात आहेत त्या एड्डा आराडोटिर पुढे याच प्रकल्पातून निघालेल्या कंपनीच्या प्रमुख झाल्या; सान्द्रा स्नायब्यॉर्न्सडॉटिर यांनी डॉक्टरेट इथेच केली आणि खनिजरूपातील साठवणुकीचे काम त्यांनी पुढे सांभाळले. आमच्याकडे विद्यापीठातला प्रबंध बांधून झाला की तो ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जातो, हे मी तिथे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी हेलिशेइदीला निघालो. शहरापासून गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना शेवाळाने मऊ झालेला लाव्हा आणि मधूनच जमिनीतून उठणारे वाफेचे लोट. रस्त्याला झाड असे जवळजवळ नाहीच. ३०३ मेगावॉट क्षमतेचे हे भूऔष्णिक वीजकेंद्र २००६ मध्ये सुरू झाले. खोल विहिरींतून येणाऱ्या वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडही वर येतात, आणि तेच पकडून परत खाली पाठवायचे हा इथला खटाटोप आहे.

बोअरवर पोचलो तेव्हा वाऱ्याने माझी छत्री पहिल्या मिनिटाला उलटी केली. विद्यार्थिनीने ती घेतली, मिटली आणि काही न बोलता गाडीत टाकली. इथे छत्री कोणीच वापरत नाही, हे मग माझ्या ध्यानात आले. बोअरच्या तोंडावर त्रिकोणी पत्रे जोडून केलेला लहानसा घुमट आहे. आत वाकून शिरावे लागते. एक जाडजूड नळ, दोन झडपा, दाबमापक आणि पायाखाली काँक्रीट, एवढाच पसारा. नळावर हात ठेवला तर आतून वाहणाऱ्या पाण्याची बारीक थरथर जाणवत होती.

काय घडते ते मला गोटी सोड्याच्या भाषेत समजले. सोड्याच्या बाटलीत वायू पाण्यात दाबाखाली विरघळलेला असतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि फसफस होते. इथे गोटीचे काम खोली करते. शेकडो मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब वायूला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतो, आणि वायू मुरलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने ते वर येण्याऐवजी खालीच जाते. हे आंबट पाणी बेसॉल्टला चावते, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सुटते, पाण्याचा आंबटपणा उतरतो आणि कार्बन कॅल्साइटसारख्या खनिजांत गोठतो. माझ्या न्हाणीघरातल्या वासाचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा, याच वाटेने पायराइट हे खनिज होतो.

२०१२ च्या जानेवारी ते मार्च या काळात १७५ टन शुद्ध कार्बन डायऑक्साइड ४०० ते ८०० मीटर खोलीच्या थरांत सोडण्यात आला. त्या उन्हाळ्यात वीजकेंद्राच्या वायुमिश्रणाची पाळी आली. मधल्या काळात, २००८ मध्ये, या देशाच्या बँका कोसळून गेल्या होत्या. तशा दिवसांत हा संशोधनप्रकल्प तगून राहिला याचे मला वायूच्या दगड होण्याइतकेच नवल वाटते. सोडलेल्या वायूला किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण लावली होती, म्हणजे शेजारच्या निरीक्षण-विहिरीत पाणी आले तरी त्यातला खुणेचा कार्बन वाटेत किती गळला हे कळावे.

त्या विहिरीतला पंप २०१३ मध्ये बंद पडला. विद्यार्थिनीने हा प्रसंग जुन्या माणसांकडून ऐकलेला होता, तरी ती तो स्वतः पाहिल्यासारखा सांगत होती. पाण्यात सोडलेला पंप बिघडणे ही आमच्या गावोगावची रोजची गोष्ट. मेकॅनिकला बोलवावे आणि मोटर वर ओढावी. इथेही पंप वर ओढला, तर त्यावर कॅल्साइटची पुटे चढलेली होती. नमुने घेण्यात खंड पडला. पण ज्याचा शोध चालला होता ते खनिज पंपालाच चिकटून वर आले होते. युर्ग मॅटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ मधील शोधनिबंध सांगतो की ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिज बनला. त्याआधी यासाठी शतके लागतील असा समज होता.

वीजकेंद्राच्या प्रदर्शनात जमिनीतून काढलेल्या कातळाचे दंडगोल मांडलेले आहेत. काळा दगड, त्यात वाटाण्याएवढी छिद्रे आणि छिद्रांत पांढरे स्फटिक. मला तो नवा नव्हता. जळगाव, नाशिक, पुण्याकडे विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर निघणाऱ्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाच्या शेजारी कॅल्साइट आम्ही कायम पाहत आलो आहोत. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याचे नाव, काठिण्य आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर उठणारे बुडबुडे शिकवले. ते बुडबुडे म्हणजे दगडातून परत सुटणारा कार्बन डायऑक्साइडच, हेही सांगत असे. पण दगडात तो शिरला कसा, हा पुढचा प्रश्न मी एकाही तासाला विचारला नाही.

या प्रकल्पाचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. जगाचे वार्षिक उत्सर्जन अब्जावधी टनांत आहे आणि इथली साठवण वर्षाला हजारो टनांत. २०२१ मध्ये शेजारीच हवेतून थेट वायू शोषणारे ओर्का हे संयंत्र बसले. त्याची क्षमता वर्षाला ४,००० टन सांगितली गेली, प्रत्यक्षातली पकड त्याहून कमी आहे. हाफ्नारफ्यॉर्दुर या गावाजवळ परदेशातून जहाजाने वायू आणून जमिनीत सोडण्याचा बेत होता. गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो बेत तिथे बारगळला. आपल्या घराखाली काय सोडले जाते हे विचारणारे गावकरी मला अडाणी वाटत नाहीत. २०११ मध्ये वायूचे नव्हे, तर वीजकेंद्राचे वापरलेले पाणी जमिनीत परत सोडताना ४ तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले होते आणि जवळच्या क्वेरागेर्दी गावाला ते जाणवले होते.

‘धक्के’ म्हटल्यावर मी विद्यार्थिनीला कोयनेविषयी सांगितले: ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, धरणाच्या जलाशयाशी जोडला गेलेला तो भूकंप, आणि त्या परिसरात अलीकडे खणलेली ३ किलोमीटर खोल विंधणविहीर. तिथे बेसॉल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली हे ऐकून ती थबकली. तिने वही काढली, आकडा लिहिला, दख्खनच्या लाव्हाचे क्षेत्रफळ विचारले. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, मी म्हणालो. आयआयटी मुंबईत कार्बन पकडून साठवण्यावर काम करणारे राष्ट्रीय केंद्र आहे, हेही तिला सांगितले. माझ्या आवाजात नकळत फुशारकी आली असावी.

“आणि पाणी?” तिने विचारले. एक टन वायू विरघळवायला इथे सुमारे २५ टन पाणी लागते. आइसलंडमध्ये त्याची ददात नाही. मी मराठवाड्यातला उन्हाळा, टँकरची वाट पाहणारी पिंपे आणि ८०० फुटांवरही कोरडे निघणारे बोअर यांविषयी सांगू लागलो. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग चालू आहेत, ती म्हणाली, आणि तुमचा बेसॉल्ट समुद्रापर्यंत पोचतो का, असे विचारले. कोकणच्या किनाऱ्यावर तो लाटांतच उभा आहे, असे मी सांगितले. तिने तेही वहीत टिपून घेतले, घुमटाचे दार ओढून कडी लावली आणि माझी छत्री गाडीच्या मागच्या सीटवर असल्याची आठवण करून दिली.